ठोक्याची कालवं

माझ्या भावोजींना गावात सगळे ठोक्या म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठ वळली की हेच. नाव ठेवणाऱ्याची काही चूक नाही. हातात आलेली वस्तू ठोकून बघितल्याशिवाय हा माणूस खाली ठेवत नाही. माझं बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे: सिमेंट, चुना, पाइप, रंग, खिळेमोळे. भावोजी आले की आधी पाइप ठोकणार, मग फरश्या, मग रंगाचे डबे. एकदा माझ्या नव्याकोऱ्या काउंटरची फळी ठोकून म्हणाले, "धाकटे, ही आतून गेलीय." मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. पुढच्याच वर्षी त्या फळीतून भुसा गळायला लागला. ते येणार नाहीत असा दिवस बघून मी गुपचूप फळी बदलून घेतली.

मी धाकटी म्हणजे त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. ताई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे नात्यातलं म्हणावं असं आम्हा दोघांना आता एकमेकांशिवाय कुणी नाही. आणि आम्ही दोघंही असे की महिना महिना एकमेकांची चौकशी करणार नाही.

ठोकायची खोड धंद्यातून आलेली. भावोजी खाडीच्या तोंडाशी कालवं वाढवतात. ओहोटीला पाणी मागे सरलं की चिखलात रांगेनं लोखंडी मांडण्या दिसतात, गुडघाभर उंचीच्या. त्यांच्यावर जाळीच्या पिशव्या, पिशव्यांत कालवं. नखाएवढं बी आणून टाकायचं आणि विकण्याजोगं व्हायला तीन वर्षं थांबायचं. खायला घालावं लागत नाही. पाणी गाळून त्यातलं काय हवं ते ती स्वतःच खातात. पण म्हणून निवांत बसायचं नाही. पिशव्या दर काही दिवसांनी हलवाव्या, उलटाव्या लागतात, नाहीतर शिंपले एकमेकांत घुसून वेडेवाकडे वाढतात. तब्येतीकडेही लक्ष ठेवावं लागतं. पाणी तापलं, उथळ झालं, की कालवांना रोग लागतो. तो माणसाला लागत नाही, पण कालवांची खाडीच्या खाडी साफ करतो.

आता कालव जिवंत आहे की मेलंय हे कसं ओळखायचं? तोंड वासून पडलं असेल तर आंधळ्यालाही कळेल. मिटलेलं असेल तर पंचाईत. उघडून बघितलं तर जिवंत असलेलंही मरतं. म्हणून दोन कालवं हातात घेऊन एकमेकांवर हलकेच आपटायची. आत पाणी धरून बसलेलं जिवंत कालव गोट्यासारखं टणक वाजतं. मेलेलं, नाहीतर आतून सुकलेलं, पोकळ वाजतं, रिकाम्या काडेपेटीवर टिचकी मारावी तसं. पोतं बाजारात जाण्याआधी त्यातलं एकेक असं वाजवून बघायचं. एक मेलेलं आत गेलं आणि कुणी खाल्लं, तर खाणारा दवाखान्यात आणि पिकवणारा कायमचा घरी. भावोजींच्या पोत्यात चाळीस वर्षांत एकही निघालं नव्हतं. त्यांचा त्यावर एवढा ताठा होता की संशय आला तरी सुरी लावायचे नाहीत. म्हणायचे, "कान असताना सुरी कशाला? उगीच एक जीव जायचा."

ताई असताना शेडमधल्या लांब टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची. भावोजी आपटायचे, ताईकडे बघायचे आणि कालव डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचे. ताई आकार बघून टोपल्यांत लावायची. आपटलं की बघायचे, आपटलं की बघायचे. मी सुट्टीच्या दिवशी जायची तेव्हा हे बघून हसायची. "काय हो भावोजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून डोळे भरत नाहीत होय?" ताई लाजायची नाही. ती उलट म्हणायची, "यांच्यापेक्षा ही कालवं बरी. बहुतेक आधी नर असतात, मग मादी होतात. दोन्ही बाजूंचं दुखणं कळतं त्यांना." भावोजी म्हणायचे, "आणि एकदा चिकटली की जन्मभर जागा सोडत नाहीत, तेही सांग तिला." ते खरंच आहे. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतं, मनासारखा जुना शिंपला सापडला की त्याला चिकटतं, आणि आपणहून पुन्हा हलत नाही. भावोजींना त्या खाडीवरून हलवायचा विचार मी ताई गेल्यावर दोनदा बोलून दाखवला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे अशी पाठ फिरवली की तिसऱ्यांदा माझी छाती झाली नाही.

ताईनंतर ते घर बघवत नव्हतं. स्वच्छ होतं, तीच तर तक्रार. एक ताट, एक वाटी, एक पेला, धुऊन पालथे घातलेले. ताईची खुर्ची टेबलाशी तशीच, तिच्यावर घडी केलेलं पोतं. ते बोलेनासे झाले होते. मी काही विचारलं तर "हं" म्हणायचे, मग ते प्रश्नाला जुळो न जुळो. फोन उचलायचे नाहीत, दोन शब्दांचा मेसेज टाकायचे. रेडिओ दुरुस्तीला म्हणून तीनदा शहरात घेऊन आले. दुरुस्तीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "रेडिओ ठणठणीत आहे हो, त्यांनाच सांभाळा." दुःखानं माणूस आतल्या आत मिटतो असं आपण ऐकलेलं असतं. मीही तेच धरून चालले. आणि खरं सांगते, मला ते सोयीचंही होतं. मिटलेल्या माणसाकडे वरचेवर जावं लागत नाही.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या खाडीत रोग शिरला. तिथला कालववाला, ज्याला सगळे भोपळ्या म्हणतात, आज बरं होईल उद्या बरं होईल करत बसला. मेलेली कालवं त्यानं पाण्यातच ठेवली. महिन्याभरात त्याची आणि त्याच्या आजूबाजूच्या तिघांची पिशवीन् पिशवी रिकामी झाली. खडकावरची आपोआप वाढलेली जुनी कालवंसुद्धा गेली. भावोजी ते बघून आले आणि माझ्या दुकानात उभं राहून म्हणाले, "माझ्याकडे आलं ना, तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढीन. खड्डा, चुना, माती. खडकावरच्यांना लागू देणार नाही." त्या वर्षी त्यांनी एवढं लांबलचक वाक्य दुसरं बोललेलं मला आठवत नाही.

त्यानंतर साधारण पंधरवड्यानं सकाळी दुकान उघडते तोच मेसेज आला. "चुना आण. असेल तेवढा. खाडी गेली."

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग पोरांना सांगून गोण्या गाडीत टाकल्या, दुकान नोकरांवर सोडलं आणि निघाले. वाटभर स्वतःशी बडबडत होते. रोगाला शिव्या, भोपळ्याला शिव्या. चुन्याचं दुकान चालवते म्हणून जन्मभर लोकांचे टोमणे ऐकले, पण माझ्याच माणसाचं तीन वर्षांचं पीक गाडायला मी चुना नेईन असं वाटलं नव्हतं. आणि हे सगळं संपल्यावर त्या माणसानं त्या घरात सकाळी उठून करायचं काय, हा विचार आला तेव्हा गाडी जरा बाजूला घेऊन थांबावं लागलं.

पोचले तेव्हा ओहोटी होती. मांडण्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर एकही पिशवी नव्हती. कालची ओहोटी आणि आजची, एवढ्या वेळात त्या माणसानं एकट्यानं सगळं उपसून वर आणलं होतं. शेडच्या छपराखाली कालवांचा ढीग माझ्या छातीपर्यंत. ढिगाची एक कड उन्हात आली होती आणि तिथून वास सुटला होता. शेडमागे भावोजी पाठमोरे उभे राहून खड्डा खणत होते. अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. माझी गाडी पार त्यांच्या मागे येऊन थांबली तरी त्यांनी वळून बघितलं नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

"किती गोण्या?" त्यांनी विचारलं.

"बारा. भावोजी, आधी पाणी प्या."

"बाराच? बरं. पुरवू."

"सरकारी माणसाला बोलावलं का? तपासून गेला असता."

"तो येईपर्यंत खडक जाईल." त्यांनी पुन्हा फावडं मारलं. "चारपाच तर तोंड वासूनच पडली होती. मग एकेक वाजवून बघितलं. सगळी पोकळ. एकही टणक नाही, धाकटे. एकही नाही."

मी ढिगापाशी गेले. काय करावं ते सुचेना म्हणून दोन कालवं उचलली आणि सवयीनं एकमेकांवर आपटली. ताईनं मला हे परकर-पोलक्याच्या वयात शिकवलं होतं.

टणक वाजली.

मला वाटलं, एखादी जोडी चुकून राहिली असेल. दुसरी घेतली. टणक. ढिगाच्या पोटात हात घालून घेतली, पलीकडून घेतली. उन्हातल्या कडेची तेवढी पोकळ निघाली. बाकी, दहा वाजवली तर नऊ गोट्यासारखी वाजत होती. मी टेबलावरची सुरी घेतली आणि एक उघडलं. आत स्वच्छ पाणी, भरलेलं अंग. काळ्या काठाला सुरीचं टोक लावलं तर काठ आक्रसला. मी केलेला तो खून अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अगदी ओरडणार होते. मग माझी नजर भावोजींच्या पाठीकडे गेली. मी त्यांच्यापासून दहा हातांवर खडखडाट करत होते आणि ते खणत होते.

त्या क्षणी मला जे कळलं ते त्यांना सांगायचं म्हणजे काय, हेही कळलं. गप्प बसले तर पीक जातं. सांगितलं तर या माणसाकडे जी एक गोष्ट उरली होती ती जाते. विचार करायला वेळ असता तर मी कदाचित भित्री ठरले असते. पण कालव तोंड मिटून पाण्याबाहेर काही दिवस काढतं ते सावलीत. ऊन सरकत होतं.

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. "भावोजी, ही जिवंत आहेत."

"हं."

मी मोठ्यानं म्हटलं, "जिवंत आहेत ही!"

"पोकळ आहेत," ते न वळता म्हणाले. "मला नको शिकवूस."

"ऐका मग." मी दोन कालवं त्यांच्या कानामागे आपटली. "हे काय?"

"पोकळ."

मी खाली वाकले. खड्ड्यातून निघालेले दोन दगड उचलले, चांगले मुठीएवढे, आणि तिथेच, तसेच आपटले. "आणि हे?"

"हेही पोकळ. सांगतोय ना तुला, सगळी..."

ते वळले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

मग फावडं टाकून त्यांनी ते दगड माझ्याकडून घेतले. डाव्या कानापाशी आपटले. उजव्या कानापाशी आपटले. पुन्हा डाव्या. जरा जोरात. एवढ्या मोठ्या माणसाला असं करताना बघणं फार वाईट असतं, मी मान फिरवली. शेवटी ते खड्ड्याच्या काठावर बसले आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे पाखरं आहेत का?"

"कुठली पाखरं?"

"चिखलावरची. बारीक शिट्टी घालणारी. तुझी ताई गेल्यापासून येत नाहीत. मला वाटलं, तिच्यामागून तीही गेली."

समोरच्या चिखलात चाळीस-पन्नास तरी होती, नुसता कलकलाट चालला होता. एवढ्या लांबून, राखाडी चिखलावर राखाडी पाखरं, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसणार कशी. मी म्हटलं, "आहेत भावोजी. आत्ताही ओरडताहेत."

त्यांनी मान हलवली. मग उठून, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाले, "पिशव्या भर. पाणी चढायच्या आत."

त्या दुपारी मी आयुष्यातलं सगळ्यात जड काम केलं. मी पिशव्या भरायची, ते होडीतून नेऊन टाकायचे. मांडणीवर नीट लावायला वेळ नव्हता, पाण्यात पोचल्या म्हणजे झालं. शिंपल्यांनी माझे हात फाटले आणि चपला चिखलानं खाल्ल्या. भरती पोटऱ्यांना लागली तेव्हा ढिगातला बराचसा भाग खाडीत गेला होता. उन्हातली कड वाचली नाही. जो खड्डा सगळ्यांसाठी खणला होता त्यात तेवढी पुरली आणि चुना घातला. चुन्याच्या दहा गोण्या परत न्यायच्या होत्या.

हातपाय धुताना ते म्हणाले, "ती असताना कधी चुकलं नाही."

मी तांब्या खाली ठेवला. मग मला ते टेबल आठवलं, आपटणं आणि बघणं. इतकी वर्षं मी ज्याला प्रेम समजून खिदळत होते ते प्रेम होतंच, पण शेवटच्या काही वर्षांत ते कामही होतं. तिच्या कपाळावर आठी पडली की कालव डावीकडे, नाही पडली की उजवीकडे. त्यांना वाटायचं आपण ऐकतोय. होडीच्या इंजिनानं त्यांचे कान केव्हाच नेले होते, आणि तिनं ते त्यांना कळू दिलं नव्हतं. मलाही सांगितलं नाही. ती गेल्यापासून बाजारात जाणारी पोती का घटत चालली होती, तेही आता कळलं. मला ताईचा भयंकर राग आला. स्वतः मरून गेली आणि या माणसाला त्याच्या कानांशिवाय सोडून गेली, तेही न सांगता. घरी जाताना गाडीत मी तिच्याशी मोठमोठ्यानं भांडले, आणि भांडता भांडता रडले.

पुढे डॉक्टर झाले, कानात घालायचं यंत्र झालं. यंत्रानं माणसांचं बोलणं थोडंफार आलं. पण टणक आणि पोकळ यांतला फरक आला नाही. यंत्रातून सगळंच सारखं खणखणतं, म्हणाले, पूर्वी सगळं मेलेलं वाटायचं, आता सगळं जिवंत वाटतं. चार दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. मी रविवारी दुकान बंद ठेवते, तेव्हा जाऊन आठवड्याची कालवं वाजवून द्यायला लागले. ताईच्या खुर्चीत बसले नाही, फळकुटाचं स्टूल नेलं. लोक बोलायचे ते बोललेच. मेहुणी आता बस्तान मांडणार, वगैरे. त्यांचं तोंड कोण धरणार.

वाचलेलं पीक हळूहळू विकलं गेलं. पिशव्या कमी होत गेल्या. मग बी आणायचे दिवस आले. आजूबाजूच्या सगळ्यांच्या पेट्या येऊन पडल्या, भोपळ्यानंसुद्धा उधारउसनवार करून आणल्या. भावोजींच्या शेडमध्ये एकही पेटी नव्हती. रिकाम्या मांडण्या मात्र त्यांनी घासून एकावर एक रचून ठेवल्या होत्या, परत न लावण्यासाठी ठेवतात तशा.

त्या रविवारी मी टेबलाशी बसून आवाज चढवून विचारलं, "बी सांगितलं नाही?"

"नाही."

"का?"

ते बराच वेळ टोपलीतली कालवं इकडची तिकडे करत राहिले. "बी टाकायचं म्हणजे तीन वर्षं. तोवर रोज कोणीतरी ऐकायला हवं. कोण ऐकणार?"

मी म्हटलं, "मी."

खाली मान घालून, हातातलं कालव बघत म्हटलं, जसं कुणीही लाजिरवाणी गोष्ट म्हणेल तसं. त्यांना ऐकू गेलं नाही. ते उत्तराची वाट बघत होते, आणि मग त्यांनी वाट बघणं सोडलं, आणि टोपली उचलायला उठले.

एकदा म्हटलेलं माणूस पुन्हा म्हणू शकतं का, ते मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर कुणाला ते एकदाही म्हटलं नव्हतं. मी स्टुलावरून उठले आणि खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "मी ऐकीन! मी!"

समोरून जाणाऱ्या होडीतले दोघे मागे वळून बघायला लागले. भावोजी टोपली हातात घेऊन उभे होते.

"एवढं ओरडायला काय झालं," ते म्हणाले. मग टोपली खाली ठेवून, "तुझं दुकान?"

"रविवारी बंद असतं!"

त्यांनी मांडण्यांच्या चळतीकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "रविवारपुरतं बी मग थोडंच आणावं लागेल. एक पेटी. एका दिवसात जेवढं ऐकून होईल तेवढंच."

"चालेल!" मी म्हटलं.

ते बसले आणि त्यांनी पुढची जोडी माझ्याकडे सरकवली. बाकीचे सहा दिवस ते काय करणार, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.